स्पेनमध्ये गाडीने आरामात फिरायचंय? आधी पॅराडोर ठरवा, मग रस्ता

स्पेन म्हटलं की लोक बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिया, ग्रानादा असं आठवड्यात कोंबतात आणि त्यातच गाडी पण घेतात, मग अर्धा वेळ पार्किंग शोधण्यात जातो. मोठी शहरं करायची तर ट्रेन मस्त आहे, तिथे गाडी म्हणजे डोक्याला ताप. गाडी घ्यायची ती मधल्या छोट्या गावांसाठी, आणि त्या गावांमध्ये राहायचं पॅराडोरमध्ये.

पॅराडोर ही स्पेन सरकारच्या मालकीची हॉटेलांची साखळी. पहिलं १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झालं, राजा तेरावा अल्फोन्सो याच्या काळात, आणि आता शंभरच्या आसपास आहेत. किल्ले, मठ, सरदारांचे वाडे, यात्रेकरूंची जुनी इस्पितळं, असं काय काय दुरुस्त करून त्यात खोल्या काढल्यात. पण सगळीच जुनी नाहीत हां, टोलेदोचं विसाव्या शतकात बांधलेलं आहे, तिथून शहराचा व्ह्यू जबरदस्त आहे पण किल्ल्यात राहिल्याचा फील हवा असेल तर बुक करायच्या आधी इमारतीचा इतिहास वाचा. आणि जुन्या इमारतीला सुद्धा कधी कधी मागे नवीन विंग जोडलेली असते, म्हणून बुकिंग झालं की एक साधा ईमेल टाका की शक्य असेल तर जुन्या भागातली खोली द्या. विचारायला काय जातंय.

प्लॅनिंगचा माझा नियम सोपा आहे, आधी तीन-चार पॅराडोर पक्के करायचे, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री, आणि दोन मुक्कामांमध्ये दीड-दोन तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग शक्यतो नाही. एक रात्र राहिलात तर संध्याकाळी पोचून सकाळी बॅगा भरण्यातच सगळं संपतं, मग किल्ल्यात राहिलात काय आणि हायवेवरच्या लॉजमध्ये राहिलात काय.

पहिल्यांदा जात असाल तर मी एक्स्त्रेमादुरा, म्हणजे पोर्तुगालला लागून असलेला पश्चिमेचा भाग सुचवेन, समुद्रकिनारा सोडा. माद्रिदहून ए-५ हायवेने निघालं की दीडशे किलोमीटरवर ओरोपेसा, तिथलं पॅराडोर किल्ल्याला लागूनच आहे, वाटेत जेवायला थांबलात तरी चालेल. तिथून तासाभरावर हारान्दिया दे ला व्हेरा. इथला किल्ला पण ओरोपेसाच्याच काउंटचा, आणि सम्राट पाचवा चार्ल्स राज्य सोडल्यावर १५५६-५७ च्या हिवाळ्यात इथेच पाहुणा म्हणून राहिला, कारण जवळच्या युस्तेच्या मठातलं त्याचं घर तयार झालं नव्हतं. अर्ध्या युरोपचा मालक आणि घराचं काम रखडलंय म्हणून दुसऱ्याकडे मुक्काम! युस्ते गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, नक्की जा, १५५८ मध्ये तो तिथेच वारला. या खोऱ्यात लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरच्यांची पावडर मिळते, पिमेन्तोन, डबा घ्याच.

पुढे मोनफ्राग्वे नॅशनल पार्कमधून त्रुहियोला उतरा. वाटेत साल्तो देल हितानो नावाचा कडा आहे, तिथे गिधाडं एवढी जवळून जातात की दुर्बीण नसली तरी चालतं. त्रुहियो म्हणजे पेरू जिंकणाऱ्या पिसारोचं गाव, पॅराडोर जुन्या मठात आहे. मग मेरिदा, रोमन थिएटर, रोमन पूल, आणि आर्किटेक्ट राफाएल मोनेओने डिझाइन केलेलं रोमन कलेचं म्युझियम. सोमवारी म्युझियम्स बंद असतात, तेवढं बघून तारखा लावा. त्याच्या खाली थाफ्रा, तिथे पॅराडोर फेरियाच्या ड्यूकच्या वाड्यात आहे.

अजून दिवस असतील तर कार्मोना. सेव्हियापासून तीसेक किलोमीटरवर, टेकडीच्या टोकावर राजा पेद्रोच्या अल्काझारात, म्हणजे किल्लेवजा महालात पॅराडोर आहे, गाडी तिथेच ठेवून सेव्हियाला बसने जाऊन या. ग्रानादाचं पॅराडोर थेट अल्हाम्ब्राच्या, म्हणजे जुन्या मुस्लिम राजांच्या किल्ला-महालाच्या आवारात, जुन्या मठात. राणी इसाबेल आणि तिचा नवरा राजा फर्नांदो यांना आधी इथेच पुरलं होतं, नंतर शहरातल्या रॉयल चॅपेलमध्ये हलवलं. हे सगळ्यात महाग पॅराडोरांपैकी एक आहे आणि कित्येक महिने आधी भरतं. आणि तिथे राहिलात म्हणून अल्हाम्ब्राचं तिकीट फुकट मिळत नाही, आतल्या नासरी महालांचा (त्या राजांचे मुख्य महाल) टाइम स्लॉट वेगळा बुक करायचा, पासपोर्ट सोबत ठेवायचा. एवढे पैसे नको वाटत असतील तर उबेदा बघा, सोळाव्या शतकातला वाडा, सुंदर चौकात, चारी बाजूंना ऑलिव्हच ऑलिव्ह.

बाकी ठिकाणी डबल रूम साधारण १०० ते १८० युरोत मिळते, सीझनवर अवलंबून. त्यांच्या वेबसाइटवर फुकट मेंबर व्हा आणि ५५ च्या वरच्यांसाठी वेगळे रेट असतात ते बघा, आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी उपयोगी. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बेस्ट. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात पारा चाळिशी ओलांडतो, आणि ईस्टरच्या आठवड्यात खोल्याच मिळत नाहीत.

गाडीचं थोडक्यात. भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट लागतं, आणि डिपॉझिटला ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड. ऑटोमॅटिक हवी तर आधीच सांगा नाहीतर गिअरचीच हातात येते. गाडी छोटी घ्या, जुन्या गावांच्या गल्ल्यांत आरसे मिटून जावं लागतं, मॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, गावाच्या वेशीवर थांबून पॅराडोरच्या पाट्या शोधा. ड्रायव्हिंग उजव्या बाजूने, मोटरवेवर १२०, साध्या रस्त्यावर ९०, गावात बहुतेक ३०, आणि राउंडअबाउटमध्ये आधी आत असलेल्याला जाऊ द्यायचं. माद्रिदजवळचे आर नावाचे रस्ते सोडले तर या रूटवर टोल लागत नाही.

जेवणाच्या वेळा मात्र अंगवळणी पाडाव्या लागतात. दुपारचं जेवण दोन नंतर, रात्रीचं साडेआठ-नऊच्या आधी विसरा, मध्ये दुकानं पण बंद, म्हणून दुपारी सरळ खोलीत झोपा किंवा अंगणात कॉफी घेऊन बसा. शाकाहारी लोकांनी नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, हॅम आणि टूना वेगळं सांगा, साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंड सूपवर पण वरून हॅम पेरतात. बटाट्याचं ऑम्लेट, पिस्तो (टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या), पालक-छोले हे सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी मिळतं. एक्स्त्रेमादुरात तोर्ता देल कासार हे चीज खा, त्याचं विरजण काटेरी वनस्पतीचं असतं.

परतताना माद्रिदच्या आधी एक रात्र आल्माग्रोला टाका, तिथलं पॅराडोर फ्रान्सिस्कन मठात आहे आणि चौकात सतराव्या शतकातलं लाकडी नाट्यगृह अजून चालू आहे. तिथली छोट्या वांग्यांची लोणची फेमस आहेत, घेतलीत तर बाटली चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत असेल तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.