सेकंडहँड गाडीवर हात बसवताना

सात वर्षं मी आल्टो ८०० चालवली. गेल्या दिवाळीत ती दिली आणि २०१४ची डिझेल डिझायर घेतली. एमएच-१२ पासिंग, मीटरवर एक लाख चार हजार किलोमीटर. दाखवणारा म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे." सेकंडहँड बाजारातल्या सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात, हे मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी साताऱ्यात पोवई नाक्यावर ती तीनदा बंद पडली. मागून हॉर्न, शेजारी आमचे हे गप्प, आणि मला वाटलं आपण गाडी चालवणंच विसरलो. तसं नसतं. सात वर्षांत पायाने एक गाडी पाठ केलेली असते आणि तो दुसऱ्या गाडीतही तेच म्हणत राहतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. डाव्या पानावर गाडीचा स्वभाव, उजव्या पानावर आजार. जे काही वेगळं जाणवेल ते लिहायचं आणि कुठल्या पानावर जातं ते हळूहळू ठरवायचं. स्वभावाशी आपण जुळवून घ्यायचं, आजार फिटरकडे न्यायचा. घोटाळा होतो तो आजाराशी जुळवून घेतल्यावर. महिनाभरात कान आणि पाय इतके सरावतात, की खडखडसुद्धा ऐकू येईनाशी होते.

आधी सीट. जुन्या मालकाच्या उंचीची सीट तशीच ठेवून लोक महिनोन् महिने गाडी चालवतात आणि कंबर धरली म्हणून गाडीला नावं ठेवतात. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोचायला हवं. मग आरसे. दोन्ही बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची नुसती कड दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता.

आता क्लच, कारण नव्वद टक्के फजिती तिथेच होते. आल्टोचा क्लच जमिनीपासून जरा उचलला की गाडी हलायची. हिचा जवळजवळ वर आल्यावर उचलतो. मोकळं, सपाट मैदान गाठा. पहिला गिअर टाका, ॲक्सिलेटरला पाय लावू नका, क्लच मुंगीच्या पावलाने सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि गाडीचं नाक हलतं. तीच जागा. डिझेल गाडी तिथून रेस न देताही सरकायला लागते. थांबा, पुन्हा करा. मी रविवारी सकाळी वीस-पंचवीस वेळा केलं. फेऱ्या मारणारे आजोबा जवळ येऊन विचारून गेले, "बाई, गाडी बिघडलीय का?"

क्लच वर उचलतो हा स्वभाव की आजार? मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगात ॲक्सिलेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा वर गेला, पण गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लचची प्लेट घसरतेय. चढावर हे आणखी स्पष्ट कळतं. माझी घसरत नव्हती. पण क्लचच्या पेडलचं रबर ब्रेकच्या रबरापेक्षा जास्त गुळगुळीत झालेलं होतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डॉक्टरसाहेब हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, पाय ठेवून असणार. म्हणजे स्वभावाच्या पानावर, पण खाली लाल रेघ.

दुसरा धक्का टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलून जोर वाढवणाऱ्या पंख्याचा. या १२४८ सीसीच्या इंजिनाचा सगळा जोर साधारण २००० आरपीएमला येतो. त्याखाली, विशेषतः दीड हजाराच्या आत, गाडी झोपेत असल्यासारखी आणि मग एकदम कोणी मागून ढकलावं तशी. आल्टोत मी वळणावर दोन नंबरच्या गिअरवरच, रेस देत निघून जायचे. यवतेश्वरच्या घाटात तेच केलं आणि वळणाच्या बरोबर मध्ये इंजिन गुदमरलं. शिकले ते असं: वळणाच्या आधी गिअर उतरवायचा, वळणात नाही. काटा १८०० च्या आसपास राहील असा गिअर हवा. अगदी आखूड वळण असेल तर पहिला टाकायला लाज वाटू देऊ नका. ओव्हरटेकचंही तेच. आधी गिअर कमी, गाडी जागी झाली की मगच बाहेर. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे भेटतात, त्यांच्या मागे राहू नका आणि पुढेही राहू नका.

चढावर थांबून निघताना हँडब्रेक ओढा, क्लच त्या ओळखीच्या जागेपर्यंत आणा, नाक उचलल्यासारखं वाटलं, आवाज दबला, की थोडी रेस देत हँडब्रेक सोडा. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतं. आणि सकाळी स्टार्ट करताना डॅशबोर्डवरचा पिवळा कॉइलचा दिवा (इंजिन आतून गरम होत असल्याची खूण) आधी विझू द्या. पेट्रोलवाल्यांना ही सवय नसते, मलाही नव्हती.

ब्रेक रिकाम्या रस्त्यावर, आरशात मागे कोणी नाही हे बघून, चाळीसच्या वेगाला तपासा. आधी हळू, मग घट्ट. गाडी सरळ थांबली पाहिजे. एका बाजूला ओढली तर थेट उजवं पान, आणि त्याच दिवशी फिटर. जोरात दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरू नका, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तसं होतं.

स्टेअरिंगच्या बाबतीत मी फसले. हात सैल केला की गाडी डावीकडे जायची, म्हणून अलाइनमेंट करून घेतली, पैसे दिले, तरी जायचीच. मग कळलं की पाणी वाहून जायला रस्त्याला कडेकडे उतार असतो, आणि आपण डावीकडून चालतो. थोडी डावीकडे गेली तर तो रस्त्याचा स्वभाव. सपाट जागी तपासा, आणि त्याआधी टायरमधली हवा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना पस्तीस भरतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. तेव्हाच टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडेही वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. माझ्या स्टेपनीवर १४ साल निघालं, म्हणजे गाडीच्याच वयाची!

अंदाज यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. डिझायर आल्टोपेक्षा जवळजवळ एक वीत रुंद आणि दोन फूट लांब, आणि डिकी सीटवरून दिसतच नाही. डाव्या चाकासाठी युक्ती: चेपलेली पाण्याची बाटली रस्त्यावर ठेवा आणि डावं चाक तिच्यावरून न्यायचा प्रयत्न करा. कडकड आवाज आला, तर बाटलीकडे जाताना ती बोनेटच्या कुठल्या जागेच्या रेषेत दिसत होती ते लक्षात ठेवा. मागच्यासाठी कंपाउंडच्या भिंतीकडे रिव्हर्स घ्या, घरचं माणूस बाजूला उभं करा, फूटभर राहिल्यावर थांबवायला सांगा आणि भिंत मागच्या काचेत कुठे आली ते बघा. आमच्या ह्यांनी "अजून, अजून" म्हणत बंपर टेकवला. मुलाला उभं केलं तर बरं.

नंतर एकदा चार माणसं आणि सामान घेऊन मुद्दाम चालवा. ब्रेक लांब लागतात, मागचं टोक स्पीडब्रेकरला घासतं, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हेडलाइट खालीवर करायचं छोटं चाक असतं, ते त्यासाठीच.

हजार किलोमीटर झाले तेव्हा माझ्या वहीत आजाराचा संशय असलेल्या तीन नोंदी होत्या. खड्ड्यात टकटक: सस्पेन्शनमधला लिंक रॉड, बदलला. एसी लावल्यावर थरथर: इंजिनाचं माउंटिंग, बदललं. तिसरी, साठच्या वर गेलं की डाव्या काचेजवळ किर्र. तीन जणांनी ऐकलं, तिघांनी तीन कारणं सांगितली. ती नोंद अजून कुठल्या पानावर जाते ते ठरलेलं नाही.