उमेदवार कोणाचा माणूस आहे? न्यू जर्सीत हे कसं शोधायचं

दिवाळीच्या कार्यक्रमाला दरवर्षी कुणी ना कुणी उमेदवार झब्बा घालून येतो, समई लावतो, टाळ्या घेतो आणि जातो. पूर्वी मी त्याच्याकडेच बघायचे. आता त्याच्यासोबत आलेल्यांकडे बघते. त्यातला एक जण मंचावर चढत नाही, पण टाउनचे दोन-तीन कौन्सिलमन खुर्च्या ओलांडून त्याच्याशी हात मिळवायला जातात. तो बहुधा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पक्षाचा चेअरमन असतो, नाहीतर त्याचा खास माणूस.

मी पेशाने अकाउंटंट. दोन वर्षं आमच्या प्रिसिंक्टतर्फे, म्हणजे आमच्या छोट्या मतदान विभागातर्फे, पक्षाच्या काउंटी कमिटीवरही होते. खाली सांगितलेलं सगळं काम एका शनिवारच्या दुपारी होतं. पण ते जूनच्या प्रायमरीआधी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधी करा. आमच्यासारख्या एकाच पक्षाच्या भागात नोव्हेंबरपर्यंत निकाल लागून गेलेला असतो. कुठल्याच पक्षात नाव नोंदवलं नसेल, तरी प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर पक्ष निवडून मत देता येतं.

सुरुवात सॅम्पल बॅलटपासून, म्हणजे मतदानाआधी येणाऱ्या नमुना मतपत्रिकेपासून. २०२४ पर्यंत इथल्या २१ पैकी १९ काउंटींत ‘लाइन’ची पद्धत होती. काउंटीच्या पक्षसंघटनेचा पाठिंबा असलेले सगळे, सिनेटपासून टाउन कौन्सिलपर्यंत, एकाच रांगेत छापले जायचे. बाकीचे दूर कुठेतरी कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला ‘बॅलट सायबेरिया’ म्हणत. काही काउंटींत लाइन कोणाला द्यायची ते कमिटी मतदानाने ठरवायची, काहींत चेअरमनचा शब्द पुरायचा. सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली. २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत येतात.

म्हणून संघटना गेली असं समजू नका. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नावाशेजारी सहा शब्दांपर्यंतचं घोषवाक्य असतं. संघटनेच्या माणसांचं घोषवाक्य शब्दशः एकच असतं, बहुधा संघटनेचं नावच. पेन्सिल घेऊन त्यांच्याभोवती गोल काढा. पहिल्या पाच मिनिटांत निम्मं चित्र हातात येतं.

मग बघा, माणूस पहिल्यांदा पदावर आला कसा. राज्याच्या विधिमंडळातली जागा मध्येच रिकामी झाली, तर त्याच पक्षाचे काउंटी कमिटी सदस्य अधिवेशन भरवून बदली माणूस निवडतात. लोकांसमोर तो येतो तेव्हा ‘विद्यमान आमदार’ म्हणूनच. अशा एका अधिवेशनात मी मत दिलंय. कोण निवडून येणार हे मला पार्किंगमध्येच कळलं होतं. आत गेलो तर अर्जच एक. मीही हात वर केला, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगताना जरा अवघडले.

आता पैसा. इथे घाई करू नका. राज्याचा निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोग, ज्याला सगळे ‘इलेक’ म्हणतात, उमेदवारांचे हिशेब ऑनलाइन ठेवतो. २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, नोकरीची कंपनी असं सगळं त्यात सापडतं. यादी उतरवून घ्या आणि तीन ढीग करा: पक्षसमित्या व इतर उमेदवारांचे निधी, वकील-इंजिनिअर-ऑडिटर मंडळी, आणि साधे शेजारीपाजारी. तिसरा ढीग अगदीच किरकोळ असेल, तर मी भुवया उंचावते.

दुसऱ्या ढिगासाठी टाउनच्या जानेवारीतल्या पहिल्या सभेचे मिनिट्स (इतिवृत्त) काढा. टाउनचा वकील, इंजिनिअर, ऑडिटर यांच्या नेमणुका त्या सभेत होतात, आणि व्यावसायिक सेवा असल्यामुळे त्यांना टेंडर काढावंच लागतं असं नाही. मिनिट्स वेबसाइटवर नसतील तर टाउन क्लार्ककडे ‘ओप्रा’खाली, म्हणजे राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, अर्ज द्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की तीच नावं दिसायला लागतात. नवखा माणूस एका ठिकाणी हमखास चुकतो. तो उमेदवाराचाच हिशेब बघतो. कंपनीने पैसे काउंटीच्या पक्षसमितीला दिले आणि समितीने उमेदवाराच्या पत्रकांचा खर्च केला, तर उमेदवाराच्या यादीत कंपनीचं नाव येतच नाही. पाणी तिथे मुरतं. समितीचा हिशेबही त्याच इलेकवर आहे.

नोकरीही तपासा. टाउनच्या पदाधिकाऱ्यांना दरवर्षी आर्थिक माहिती जाहीर करावी लागते, त्यात २,००० डॉलरवरचा प्रत्येक उत्पन्नस्रोत येतो, घरच्यांचासुद्धा. ज्याचा पगार, आरोग्यविमा आणि पेन्शन काउंटीच्या कुठल्याशा प्राधिकरणातून येतं, त्याला चेअरमनला ‘नाही’ म्हणणं किती जड जाईल, हे सांगायला अकाउंटंट लागत नाही.

एवढं सापडलं म्हणजे माणूस भ्रष्ट ठरला असं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हॅरी ट्रुमन १९३४ मध्ये सिनेटवर गेले ते कॅन्सस सिटीच्या पक्षसंघटनेचे बॉस टॉम पेंडरगास्ट यांच्या जोरावर. पेंडरगास्ट १९३९ मध्ये करचुकवेगिरीत तुरुंगात गेले. ट्रुमन यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचं कधी सिद्ध झालं नाही, आणि युद्धकाळात संरक्षणखर्चाची चौकशी करणारी सिनेटची समिती त्यांनीच चालवली. उपाध्यक्ष असताना ते पेंडरगास्टच्या अंत्यविधीलाही गेले, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. उलट आमच्या जर्सी सिटीचे बॉस फ्रँक हेग १९१७ ते १९४७ महापौर राहिले आणि खुर्ची भाच्याला देऊन गेले. (घरातल्याला खुर्ची देण्याची गोष्ट आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही.)

म्हणून संबंध आहेत का, यापेक्षा मी दुसरंच शोधते: हा माणूस संघटनेच्या विरोधात कधी उभा राहिला का? मिनिट्समध्ये मतं नावानिशी असतात. सगळीकडे ‘एकमताने’ दिसलं, तर प्रत्यक्ष भेटीत विचारा, ‘चेअरमननी मागितलेलं आणि तुम्ही नाकारलेलं एक काम सांगा.’ पुढे काही बोलू नका, थांबून राहा. बहुतेक जण हसतात आणि समोशाच्या प्लेटकडे वळतात. एका कौन्सिलवुमनने क्षणभर विचार करून एका नेमणुकीचा ठराव आणि त्याचा महिना सांगितला. घरी येऊन मी मिनिट्स काढले. खरं होतं, ६ विरुद्ध १. पुढच्या प्रायमरीचं सॅम्पल बॅलट आलं तेव्हा तिच्या नावाशेजारचं घोषवाक्य वेगळं होतं.