छताच्या भेगेवर पुट्टी फासू नका: काँक्रीट दुरुस्तीतल्या या चुका टाळा

दिवाळीचं रंगकाम निघालं की घरातल्या प्रत्येक भेगेला एकच औषध मिळतं, पुट्टी. भेग कशाने पडली, ती अजून वाढतेय का, हे कुणी विचारतच नाही. त्यातही छताची भेग पुट्टीखाली लपवलेली दिसली की मला खरोखर संताप येतो.

छताला खालून सरळ रेषेत भेग गेली असेल आणि कडेला तपकिरी डाग असेल, तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलतो. वरून पुट्टी लावल्याने भेग दिसेनाशी होते, गंज थांबत नाही.

डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत ओळखीच्या काकूंच्या स्वयंपाकघरात अशी भेग होती, बरोबर वरच्या मजल्याच्या मोरीखाली. रंगाऱ्याने पुट्टी भरून दोन हात रंग मारून दिला. पुढच्याच पावसाळ्यात ताटाएवढा पोपडा ओट्यावर कोसळला. रात्रीची वेळ, म्हणून कुणाला लागलं नाही. मी हातोडीने हलकेच ठोकत छत तपासलं, तर पडलेल्या भागाच्या भोवतीही पोकळ आवाज येत होता. सळईचे पापुद्रे बोटाने निघत होते. काकूंना पाहुणे यायच्या आत छत भरून हवं होतं. मी नाही म्हटलं. वरची मोरी गळायची थांबेपर्यंत खाली काहीही भरलं तरी ते पडणारच.

गळती बंद झाल्यावर खाली टेकू दिले, पोकळ काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढलं, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत केली, गंजरोधक प्रायमर लावला आणि पॉलिमर मॉर्टर (चिकटपणासाठी पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) थर देत भरलं. सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी टाकावी लागते, पण ते इंजिनिअरनेच ठरवायचं.

गच्चीच्या भेगांची दुसरी तऱ्हा. लोक सिमेंटचं पाणी ओतून मोकळे होतात. उन्हाने गच्ची फुगते, रात्री आकसते, भेगही त्याबरोबर हलते; कडक सिमेंट तिथे टिकत नाही. मी ग्राइंडरने साधारण बोटभर रुंद खाच पाडतो, धूळ पूर्ण काढतो, कोरड्या खाचेत पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे भेगेबरोबर ताणला जाणारा रबरासारखा मसाला, भरतो. धूळ काढायचा कंटाळा असेल त्याने सीलंटवर पैसे घालवू नयेत.

कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली उभी भेग बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिथलं प्लास्टर काढून जाळी ठोका, मग नवीन प्लास्टर करा. जाळीशिवाय केलंत तर भेग परत येते. नव्या प्लास्टरवरच्या केसासारख्या, जाळीदार चिरा म्हणजे पाणी कमी मारल्याची खूण. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी हवंच, घाईच्या मुदतीत बसत नसलं तरी.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग लगेच भरू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. पाया खचतोय का ते बघायला हवं. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवरच्या घरांत अशा भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. तिथे आधी छपराचं पाणी पायापासून लांब काढा.

बीम किंवा कॉलमच्या भेगेला मात्र घरच्या कुणी हात लावू नये, अनुभवी गवंड्यानेही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायला सांगितलं आहे. शेवटचा अहवाल कधीचा आहे, ते सेक्रेटरींना विचारा आणि त्यात तुमच्या घराबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा.