उत्तर ओंटारियोत कॉलेज निवडताय? आधी गाव बघा

सडबरीचं कॅम्ब्रियन, नॉर्थ बेचं कॅनाडोर, टिमिन्सचं नॉर्दर्न, सू सेंट मरीचं सू आणि थंडर बेचं कॉन्फेडरेशन. इंग्रजीतून शिकायचं तर कॅनडाच्या ओंटारियो प्रांताच्या उत्तर भागातली सरकारी कॉलेजं एवढीच. पुण्यातले एजंट या सगळ्यांना सरसकट ‘टोरांटोजवळ’ म्हणतात. नॉर्थ बे टोरांटोपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर, सडबरी चारशे, टिमिन्स आणि सू सातशेच्या घरात आणि थंडर बे जवळजवळ चौदाशे. थंडर बेला टोरांटोपेक्षा विनिपेग जवळ! शनिवार-रविवार टोरांटोच्या गणपतीला जाऊन येऊ हा बेत नॉर्थ बे किंवा सडबरीहून जमेल. टिमिन्सहून जाता-येताच सुट्टी संपते.

ऑफर लेटर हातात आलं की कॉलेजचं नाव नंतर वाचा, आधी कॅम्पसचा पत्ता वाचा. उत्तरेतल्या काही कॉलेजांनी टोरांटोच्या परिसरातल्या खासगी संस्थांना आपला अभ्यासक्रम चालवायला दिला होता. लेटरहेड सरकारी, वर्ग मात्र खासगी इमारतीत. 15 मे 2024 पासून अशा ठिकाणी कोर्स सुरू करणाऱ्याला शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. दोन वर्षांची फी भरून झाल्यावर हे कळलं तर करण्यासारखं काही उरत नाही. विद्यापीठांचे स्वतःचे दक्षिणेतले कॅम्पस वेगळे: अल्गोमाचा ब्रॅम्प्टनला आहे, लेकहेडचा ओरिलियाला. तिथे फसवणूक नाही, पण तिथे राहून उत्तरेत असल्याचा फायदाही नाही. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या, कायम वास्तव्यासाठीच्या ग्रामीण इमिग्रेशन योजनेत वरची पाचही गावं आहेत. त्यासाठी त्याच गावातल्या, योजनेत नोंदलेल्या कंपनीची नोकरी लागते. ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्याला सू सेंट मरीतला मालक कुठून ओळखणार?

एकाच कॉलेजच्या कॅम्पसमध्येही अंतर असतं. नॉर्दर्नचं खाणकामाचं नावाजलेलं शिक्षण, 1912 पासूनचं, मुळात हेलीबरीचं; ते गाव टिमिन्सपासून गाडीने दोन-अडीच तास. टिमिन्सचा कॅम्पससुद्धा साउथ पॉर्क्युपाईनला, मुख्य बाजारापासून दहाएक किलोमीटर. म्हणून परत सांगतो: पत्ता नकाशात टाकून बघा, जवळ दुकान कुठे, बस कुठून, रविवारी ती असते का, आणि मगच पैसे भरा.

‘आधी उत्तरेत घुसायचं, मग टोरांटोला ट्रान्सफर घ्यायची’ हा सल्ला आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून फिरतोय. देणारे बहुतेक 2021 च्या आधी आलेले आणि त्यानंतर एकही नियम न वाचलेले. 8 नोव्हेंबर 2024 पासून कॉलेज बदलायचं तर नव्याने स्टडी परमिटचा अर्ज करावा लागतो. ते नाकारलं गेलं तर ना इकडचे ना तिकडचे.

आता कोर्स. डिप्लोमानंतर वर्क परमिट हवं असेल तर विषय सरकारच्या यादीत असावा लागतो. यादी कोर्सच्या नावावर चालत नाही, सहा आकडी सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर चालते. नावं फसवी असतात, म्हणून ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून कोड लेखी मागवा आणि ईमेल जपून ठेवा. बिझनेस मॅनेजमेंटसारखे सर्वसाधारण डिप्लोमा यादीत बसत नाहीत, आणि एजंट नेमके तेच खपवतात. खाणकाम, नर्सिंग आणि काळजीसेवा, वेल्डिंग-इलेक्ट्रिकल यांना या भागात खरी मागणी आहे. दोन वर्षांच्या कोर्सला तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, वर्षभराच्या कोर्सला कोर्सएवढंच. त्या अर्जाला भाषेची परीक्षाही लागते, कॉलेजवाल्यांना सीएलबी 5, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची पाचवी पातळी. ॲडमिशनसाठी दिलेल्या आयईएल्ट्सची मुदत दोनच वर्षं, म्हणजे कोर्स संपेपर्यंत ती संपलेली असते. दुसऱ्या परीक्षेचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा. डिप्लोमा करणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला आता ओपन वर्क परमिट मिळत नाही, तो हिशेब धरूच नका.

कोर्स चालू राहील का, हेही विचारा. सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठाने 2021 मध्ये दिवाळखोरीच्या फेऱ्यात एका झटक्यात 69 अभ्यासक्रम बंद केले. 2024 मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आल्यावर ओंटारियोतल्या कॉलेजांनीही ढिगाने कोर्स थांबवले. तुमच्या इनटेकला, म्हणजे प्रवेशाच्या तुकडीला, विद्यार्थी कमी आले तर काय करणार आणि फी कधी, किती परत मिळणार, हे लेखी घ्या.

इनटेक सप्टेंबरचाच घ्या. जानेवारीत टिमिन्सला रात्री उणे पंचवीस-तीस सहज असतं. त्या थंडीत बॅगा ओढत खोली शोधणं म्हणजे हालच. सप्टेंबरला आलात तर बूट-जॅकेट सावकाश घेता येतात. ते तिथेच घ्या. इथून आणलेलं मनालीछाप जॅकेट नोव्हेंबरपर्यंतच पुरतं. आतला थर सुती नको. घाम सुती कपड्यात मुरतो आणि बसस्टॉपवर उभं राहिलं की अंग गार पडतं. बूट एक नंबर मोठे घ्या, जाड मोज्यांना जागा लागते.

खोली घेताना भाड्यात हीटिंग आणि वीज धरली आहे का, ते करारात लिहून घ्या. विजेवरचे हीटर असतील आणि बिल तुमचं असेल, तर जानेवारीत स्वस्त खोली महाग पडते. ओंटारियोत घरमालक आगाऊ ठेव म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडंच घेऊ शकतो. नुकसानीसाठी वेगळं डिपॉझिट बेकायदा आहे, मागणारा आपला मराठी माणूस असला तरी. खोली बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

जीआयसीचे, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत आधीच ठेवायच्या ठेवीचे, 22,895 कॅनेडियन डॉलर फीव्यतिरिक्त दाखवायचे आहेत. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं, आणि लहान गावात तेवढंही मिळेलच असं नाही.

तिकीट काढताना टोरांटोत निदान पाच तास मोकळे ठेवा. स्टडी परमिट विमानतळावरच छापून मिळतं आणि सप्टेंबरमध्ये तिथे लांब रांग असते. पुढच्या विमानाचा विमानतळही तपासा. मुंबईहून तुम्ही पिअर्सनला उतरता, तिकिटावर त्याचा कोड वायवायझेड. टिमिन्स, सडबरी, थंडर बेची काही विमानं मात्र वायटीझेडवरून, म्हणजे शहरातल्या बिली बिशपवरून सुटतात. दोन मोठ्या बॅगा घेऊन तिथे पोचायला रहदारीत तास-दीड तास जातो.