गर्भपातानंतर छाती भरून येते तेव्हा: या चुका टाळा

गर्भपातानंतर रक्तस्राव किती दिवस चालेल आणि गोळ्या कोणत्या घ्यायच्या, हे दवाखान्यातून सांगितले जाते. मात्र घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी छाती तटतटून येईल, कुशीवर वळताना कळ निघेल आणि कुर्त्यावर दुधाचा ओला डाग दिसेल, याची कल्पना अनेकींना कोणी दिलेली नसते. मग घाबरून, किंवा घरातल्यांना कळू नये म्हणून, जे उपाय केले जातात, त्यांतले बरेचसे त्रास वाढवतात.

साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तनांत दूध तयार होण्याची क्षमता आलेली असते, पण वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन ते अडवून धरते. वार पडली की हे संप्रेरक झपाट्याने उतरते, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाट मोकळी होते आणि दोन ते पाच दिवसांत पान्हा येतो. म्हणूनच चौथ्या-पाचव्या महिन्यात किंवा त्यानंतर गर्भपात झालेल्यांना हा त्रास अधिक होतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातानंतर बहुधा नुसता हुळहुळेपणा आणि जडपणा राहतो व तो आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दूध पिळून काढणे. स्तन जितके रिकामे होतात तितके ते पुन्हा भरतात. उलट दूध आत साचले की त्या दाबामुळेच ते बनण्याचा वेग मंदावतो आणि साचलेले दूध हळूहळू जिरते. त्यामुळे पंप वापरू नये, दूध अजून येते का हे पाहण्यासाठी स्तनाग्र दाबू नये, आणि आंघोळीत गरम पाण्याची धार थेट छातीवर घेऊ नये, कारण उष्णतेने आणि स्पर्शाने पान्हा सुटतो. ताण अगदीच सोसवेना, तर हाताने थोडेसे, जीव हलका होण्यापुरते काढावे आणि तिथेच थांबावे. कडकपणाचा जोर बहुधा दोन-तीन दिवस असतो. अधूनमधून थेंब येणे मात्र पुढे काही आठवडे चालू शकते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

ओढणी किंवा क्रेप बँडेज छातीभोवती आवळून बांधण्याचा जुना सल्ला आजही दिला जातो. तो पाळू नये. आवळल्याने वेदना वाढतात, दूधवाहिन्या दबतात आणि दूध साकळून गाठ व पुढे जंतुसंसर्ग होण्याची भीती राहते. त्याऐवजी तार नसलेली, नीट आधार देणारी पण न काचणारी ब्रा दिवसरात्र घालावी, आत सुती घडी किंवा पॅड ठेवावे आणि ओले होताच बदलावे. ठाणे-वाशी लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनी, शक्य असेल तर, जोराचे ते दोन-तीन दिवस घरीच काढावेत; संध्याकाळच्या गर्दीत महिलांच्या डब्यातही कोपराचा एक धक्का डोळ्यांत पाणी आणतो. जावेच लागले तर छातीवरून आडवा पट्टा जाणारी बॅग टाळावी आणि पिशवी पुढे धरावी.

थंड शेकाने खरा आराम मिळतो, पण बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. तो पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि मध्ये विश्रांती द्यावी. फ्रिजमधली कोबीची पाने अनेकींना सुखावतात, त्यामागचा पुरावा जेमतेम असला तरी अपाय नाही. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल चालते, परंतु दवाखान्याने दिलेल्या चिठ्ठीत तेच औषध दुसऱ्या नावाने आधीच असू शकते; पाकिटावरचा घटक वाचल्याशिवाय दुसरी गोळी घेऊ नये. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

घरातल्या वडीलधाऱ्या बायका काळजीने बाळंतिणीचा आहार सुरू करतात: अळिवाचे लाडू, मेथी, शेपू, शतावरी. दूध वाढावे म्हणून परंपरेने दिले जाणारे हे पदार्थ, छाती उतरेपर्यंत, बाजूला ठेवलेले बरे. रक्त गेलेले असते, तेव्हा पालक, डाळी, खजूर, अंडी चालू ठेवावीत. याच्या अगदी उलट, दूध आटावे म्हणून काहीजणी पाणी तोडतात. त्याने दूध आटत नाही, अशक्तपणा तेवढा येतो.

दूध आटवण्याच्या गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणू नयेत. उशिराच्या गर्भपातानंतर डॉक्टर कॅबरगोलिन देतात. ते लवकर, शक्यतो पहिल्याच दिवशी घेतले तर चांगले लागू पडते, म्हणून घरी सोडण्यापूर्वीच त्याविषयी विचारावे. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल, तर हे औषध चालत नाही.

छाती दुखते म्हणजे गर्भ राहिलाच आहे, असे समजून लगेच घरी चाचणी करणे हीदेखील चूक आहे, कारण गर्भ गेल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. मात्र गोळ्यांनी केलेल्या गर्भपातात रक्तस्राव फारच थोडा झाला असेल आणि मळमळ तशीच असेल, तर थांबू नये. सोनोग्राफी करून घ्यावी.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक येऊन टिकला, स्तनाचा एक भाग लाल, गरम व कडक झाला, किंवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओटीपोटात दुखून अंगावरून दुर्गंधी जात असेल, तर तापाचे मूळ गर्भाशयात असू शकते. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, तर १०८ ला फोन करावा. लोकलज्जेमुळे कित्येकजणी हे दुखणे अंगावर काढतात, याचे फार वाईट वाटते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार स्त्रीचे नाव व माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्यावर गर्भपात कितव्या आठवड्यात, कोणत्या पद्धतीने आणि कधी झाला, हे न लपवता सांगावे. स्तनाची गाठ तपासताना आणि औषध ठरवताना त्यांना हीच माहिती लागते.