रीबिल्डमधल्या संघाचा ड्राफ्ट: कॉलेजचे खेळाडू निवडताना या चुका टाळा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जूनच्या अखेरीस होतो. आपल्याकडे तेव्हा पहाट असते, आणि त्याआधीचे दोनेक महिने प्रत्येक चाहता मनातल्या मनात जनरल मॅनेजर झालेला असतो. हौसेने मॉक ड्राफ्ट (कोणता संघ कोणाला घेईल याची अंदाजी यादी) करायला काहीच हरकत नाही, पण त्यात दरवर्षी त्याच चुका दिसतात. गंमत म्हणजे, याच कामाचा गलेलठ्ठ पगार घेणारी मंडळीही त्याच चुका करतात.

‘आपल्याकडे या जागेवर आहे की एक’

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. १९८४ साली पोर्टलंडच्या संघाकडे दुसरा पिक, म्हणजे निवडीची दुसरी पाळी, होती. आदल्याच वर्षी त्यांनी क्लाइड ड्रेक्सलर हा गार्ड (बाहेरून खेळणारा, बॉल हाताळणारा खेळाडू) घेतला होता, त्यामुळे ती जागा भरलेली होती आणि हवा होता सेंटर (बास्केटपाशी खेळणारा उंच खेळाडू). त्यांनी सॅम बोवी घेतला. तिसऱ्या पिकवर शिकागोने मायकल जॉर्डन उचलला. ही गोष्ट बास्केटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. तरीही २०१८ मध्ये सॅक्रामेंटोने दुसऱ्या पिकवर ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली घेतला आणि रियल माद्रिदकडून आलेला, पुढे लीगचा मोठा तारा ठरलेला लुका डॉन्चिच सोडला. बॉल हाताळायला डी’ॲरन फॉक्स आहे की, हा युक्तिवाद तेव्हा बराच चघळला गेला होता.

पोर्टलंडचं एक वेळ समजू शकतं, तो जिंकणारा संघ होता. सॅक्रामेंटोने त्या हंगामात ८२ पैकी २७ सामने जिंकले होते. अशा रीबिल्डमधल्या, म्हणजे नव्याने उभारणी चाललेल्या, संघात ‘भरलेली जागा’ म्हणजे नेमकं काय? तीन वर्षांनी यातले किती जण संघात असतील हेच जिथे माहीत नाही, तिथे आजची उणीव बघून पिक खर्च करू नये.

मात्र याचं दुसरं टोकही तितकंच वाईट. फिलाडेल्फियाने २०१३ मध्ये नर्लेन्स नोएल मिळवला, २०१४ मध्ये जोएल एम्बीड आणि २०१५ मध्ये जलील ओकाफोर घेतला. लागोपाठ तीन सेंटर! ओकाफोर ड्यूकला अजिंक्यपद मिळवून देऊन आला होता, पण पाठमोरा होऊन बास्केटपाशी गुण काढणं हीच त्याची मुख्य कला होती आणि त्याच सुमारास एनबीए थ्री-पॉइंटरच्या (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या, तीन गुणांच्या फेकीच्या) दिशेने धावत सुटली होती. २०१५-१६ मध्ये संघ १०-७२ असा हरला. २०१५ च्याच ड्राफ्टमध्ये तेराव्या पिकवर फीनिक्सला पुढे स्टार ठरलेला डेव्हिन बुकर मिळाला. दोन खेळाडू खरोखर एकाच तोडीचे वाटत असतील, तेव्हाच जागेचा विचार करा. त्याआधी नको.

सरासरी बघता, वय बघत नाही

बुकर केंटकीत एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. सरासरी गुण जेमतेम दहा. ड्राफ्टच्या रात्री तो अठरा वर्षांचा होता आणि त्याच्या कॉलेजचा संघ त्या वर्षी ३८-१ होता, म्हणजे गुण वाटून घ्यायला बाजूला तसेच खेळाडू होते. उलट बावीस वर्षांचा सीनियर (कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा खेळाडू) अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांविरुद्ध वीस गुण काढतो, तेव्हा त्यातला काही भाग नुसता अंगात आलेल्या ताकदीचा असतो. अंडर-१९ क्रिकेटमध्ये आपण वयाचा दाखला मागतो, तसा इथेही मागावा.

पण मोठ्या वयाची फुलीही मारू नका. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटमध्ये चार वर्षं काढून आला, जेलन विल्यम्स सँटा क्लारात तीन. या दोन कॉलेजांची नावं ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ होते. विल्यम्स २०२२ मध्ये बाराव्या पिकवर ओक्लाहोमा सिटीकडे गेला आणि २०२५ मध्ये त्याच संघाने अजिंक्यपद जिंकलं.

थ्री-पॉइंटची टक्केवारी खरी मानणं

मॉक ड्राफ्टमधली सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं याच आकड्यावरून लिहिली जातात. कॉलेजच्या एका हंगामात खेळाडू साधारण शंभर ते दोनशे थ्री-पॉइंटर टाकतो. खरी कुवत ३५ टक्के असलेल्या खेळाडूचे शंभरातले चाळीस नुसत्या नशिबाने पडू शकतात. आणि कॉलेजची रेषा एनबीएपेक्षा जवळ आहे. २०१९ मध्ये ती मागे नेली, तरी समोरच्या बाजूला दीडेक फुटाचा फरक उरतोच.

म्हणून शेजारचा रकाना वाचा: फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक. तिथे अंतर ठरलेलं, अंगावर कोणी नाही, फक्त हाताची सफाई. लॉन्झो बॉल यूसीएलएमध्ये थ्री-पॉइंट ४१ टक्के टाकत होता, फ्री थ्रो मात्र ६७ टक्के. लेकर्सकडे पहिल्याच हंगामात ते आकडे ३०.५ आणि ४५ वर आले. मार्केल फुल्ट्झचंही तसंच, ४१ आणि ६५. त्याच्या बाबतीत पुढे खांद्याच्या नसांचं दुखणं निघालं, त्यामुळे सगळा दोष आकड्यांवर टाकता येणार नाही, पण इशारा तिथे होता. उलट पुढे एनबीएत भरवशाचा नेमबाज ठरलेल्या काव्हाय लेनर्डची कॉलेजमधली थ्री-पॉइंटची टक्केवारी तिशीच्या आत होती आणि फ्री थ्रोची पंचाहत्तरच्या आसपास. तो पंधराव्या पिकपर्यंत घसरला. सॅन अँटोनियोने ड्राफ्टच्याच रात्री जॉर्ज हिल देऊन त्याला इंडियानाकडून घेतला.

एक सामना डोक्यात घर करून बसतो

मार्च २००९ मध्ये सिराक्यूज आणि कनेक्टिकट यांचा कॉलेजमधला सामना सहा ओव्हरटाइम (बरोबरी सोडवायला दिलेले जादा डाव) चालला. सिराक्यूजचा जॉनी फ्लिन त्यात ६७ मिनिटं मैदानावर होता. बघणाऱ्याच्या मनातून तो खेळाडू कसा जाणार? जूनमध्ये मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे सलग दोन पिक होते. त्यांनी रिकी रुबियो आणि फ्लिन हे दोघे पॉइंट गार्ड (खेळाची सूत्रं हलवणारे) घेतले. सातव्या पिकवर गोल्डन स्टेटने डेव्हिडसनचा स्टीफन करी घेतला. फ्लिनला पुढे खुब्याच्या दुखापतीने गाठलं हे खरं, पण करीची तीन वर्षांची नेमबाजी आकड्यांत समोर मांडलेली होती. मार्चमधले सामने जरूर बघा, फक्त त्यावर मत बनवण्याआधी जानेवारीतले चार कंटाळवाणे सामनेही बघा.

लॉटरीबद्दल, म्हणजे वरचे पिक कोणाला हे ठरवणाऱ्या सोडतीबद्दल, थोडक्यात. २०१९ मध्ये नियम बदलून सर्वात वाईट संघाची पहिल्या पिकची शक्यता २५ वरून १४ टक्के केली गेली. त्यानंतर डेट्रॉइट २०२३ आणि २०२४ मध्ये, युटा २०२५ मध्ये तळाला राहूनही पाचव्या पिकवर घसरले. एकाच नावावर आराखडा बांधू नका. पाच-सहा जणांचे तोडीनुसार गट करा.

पिक चुकलाच, तर?

आधी कारण शोधा: दुखापत, तंत्र की कुवत? दुखापत असेल तर हरणाऱ्या संघाकडे वेळ असतो. एम्बीड पहिले दोन हंगाम खेळलाच नाही आणि २०२३ मध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला. तंत्र असेल तर दुरुस्ती होते. लॉन्झोने न्यू ऑर्लिन्समध्ये फेकीची ठेवण बदलली, आणि २०२०-२१ मध्ये त्याचे फ्री थ्रो ७८ टक्क्यांवर, थ्री-पॉइंटर ३८ च्या जवळ गेले. कुवतच नसेल तर क्लीव्हलंडसारखं करा. २०१३ चा पहिला पिक अँथनी बेनेट त्यांनी एकाच हंगामानंतर, केविन लव्ह आणणाऱ्या सौद्यात देऊन टाकला.

घड्याळही लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत निवडलेल्या रुकीच्या, म्हणजे नवख्या खेळाडूच्या, करारात दोन वर्षं पक्की असतात, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. पण तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होतो त्याच ऑक्टोबरमध्ये द्यावा लागतो, म्हणजे हातात पुरावा फक्त एका हंगामाचा. म्हणून फेब्रुवारीत पंधरा सामने जिंकलेल्या संघाने तिशी ओलांडलेल्या गार्डला पस्तीस मिनिटं खेळवून दोन-तीन विजय जास्तीचे मिळवण्यात काही अर्थ नाही. ती मिनिटं रुकीला द्या.