आपल्या विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा शोधावा

एका वहीत पाच रकाने आखा: वर्ष, मतदारसंघाचा क्रमांक व नाव, विजेता व पक्ष, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, मताधिक्य. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल मिळतो. २०२४ पासून सुरुवात करून एकेक निवडणूक मागे जा.

२००९ पर्यंत काम सरळ आहे, त्यामागे जाताना मात्र सांभाळा. २००८ च्या पुनर्रचनेत क्रमांक आणि हद्दी दोन्ही बदलल्या. सावंतवाडी आज २७० वा मतदारसंघ आहे, २००४ मध्ये तो पहिला होता. मालवण आणि वेंगुर्ला हे मतदारसंघ तर यादीतूनच गेले आणि कुडाळ आला. म्हणून नाव धरून नको, गाव धरून मागे जा. पुनर्रचनेच्या आदेशात प्रत्येक मतदारसंघात कोणते तालुके आणि कोणती महसूल मंडळे आहेत ते दिलेले असते. आपले मंडळ तिथे शोधा आणि मगच जुना अहवाल उघडा.

पुढचे काम पोटनिवडणुकांचे, आणि बहुतेक जण हेच विसरतात. सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांत त्या नसतात. २००४ च्या अहवालात मालवणमधून नारायण राणे शिवसेनेचे दिसतात, २००९ च्या अहवालात कुडाळमधून काँग्रेसचे. मधली २००५ ची मालवणची पोटनिवडणूक वहीत नसेल, तर सिंधुदुर्गाचे राजकारण कुठे वळले ते कळणारच नाही. त्यासाठी वेगळी ओळ ठेवाच.

पक्षाचे नाव अहवालात आहे तसेच उतरवा. १९७८ मध्ये दोन काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या होत्या. दोघींना एकच समजलात, तर त्या वर्षाचा सगळा हिशेब चुकेल.

१९६२ ही महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक. त्याआधीचे हवे असेल तर १९५७ साठी द्वैभाषिक मुंबई राज्याचा अहवाल पाहा. १९५२ साठी विदर्भातल्या वाचकाने मध्य प्रदेशचा आणि मराठवाड्यातल्या वाचकाने हैदराबादचा अहवाल उघडावा. काही मतदारसंघांसमोर दोन विजेते दिसतील. ती छपाईची चूक नाही, तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होते.

शेवटी अलीकडच्या निवडणुकांचा नमुना २० मिळवा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते. आपल्या गावाने कोणाला साथ दिली, हे त्या एका ओळीत वाचताना मला दर वेळी नवल वाटते. केंद्राचा क्रमांक मात्र निवडणुकीगणिक बदलू शकतो, तेव्हा केंद्रांच्या यादीतून शाळेचे नाव जुळवून घ्या.